डेनव्हरच्या माळावरचे तंबू

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



क्षयरोगावर बोलायचे आणि सुरुवात मात्र अमेरिकेतील ज्यू शिंप्यांपासून करायची, हे पाहून आपल्यापैकी काहींना वाटेल की वक्त्याला घाट चढायचा होता आणि तो बंदराच्या वाटेला लागला. परंतु ही वाट वळून आपल्याच वाड्यांवर येते, एवढा भरवसा आरंभीच देतो.

रायगड जिल्ह्याला ज्यू समाज परका नाही. पनवेल, पेण, अलिबाग येथील त्यांची प्रार्थनामंदिरे आपण पाहिली आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' हे नाव त्यांना आपल्याच लोकांनी दिले. पेणकर, रोहेकर, नवगावकर, झिराडकर ही त्यांची आडनावे आपल्या गावांवरूनच पडली. ते आपल्यात इतके मिसळले की त्यांना स्थलांतरित म्हणणे कोणाच्या जिभेवर येत नाही. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते ज्यू निराळे. रशियाच्या झारशाहीत १८८१ नंतर दंगली उसळल्या, घरेदारे लुटली गेली, आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांत पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत गेले. बहुतेकांचे पहिले आणि शेवटचे ठाणे न्यूयॉर्क हेच ठरले.

तेथे त्यांना काम मिळाले ते शिवणाचे. चाळीतील एका खोलीत कुटुंब राहावयाचे, त्याच खोलीत यंत्रे चालावयाची, त्याच शेगडीवर इस्त्री तापावयाची. खिडकी असली तर ती बोळात उघडे. बारा-चौदा तास वाकून बसायचे आणि कापसाची, लोकरीची धूळ छातीत घ्यायची. मुंबईच्या गिरणगावातील चाळ ज्याने पाहिली आहे त्याला ही खोली निराळी समजावून सांगावी लागणार नाही. क्षयाला तेथे 'शिंप्यांचा रोग' म्हणू लागले. डेव्हिड एडेलश्टाट नावाचा एक तरुण काजे करण्याचे काम करी आणि यिडिश भाषेत कामगारांची गाणी लिही. क्षयाने पोखरल्यावर तो हवापालटासाठी डेनव्हरला गेला आणि १८९२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तेथेच वारला. रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू १८८२ मध्येच दाखवून दिले होते. कारण कळले होते, औषध मात्र पुढची साठ वर्षे कोणाजवळ नव्हते.

औषध नसले की माणूस हवेवर भिस्त ठेवतो. आपल्याकडे ज्यांना परवडले ते पाचगणीला गेले. डॉ. बिलिमोरिया यांनी तेथे १९१२ साली क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम काढले. अमेरिकेत लोक कोलोरॅडो राज्यातील डेनव्हरला जात. समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंचीवरचे शहर, कोरडी हवा, वर्षातील बहुतेक दिवस ऊन. डॉक्टर सांगत, 'पश्चिमेकडे जा', आणि माणूस उरलेसुरले पैसे तिकिटात घालून गाडीत बसे. उतरल्यावर जायचे कोठे, याचे उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसे. खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या खोकणाऱ्याला दार उघडत नसत.

डेनव्हरमध्ये ज्यूंचे एक रुग्णालय होते, हे सांगितले पाहिजे. फ्रान्सिस जेकब्स नावाच्या एका बाईंनी त्याच्यासाठी जिवाचे रान केले होते. त्या १८९२ मध्ये वारल्या, चांदीचे भाव कोसळले, इमारत तयार होऊन कित्येक वर्षे कुलूपबंद पडून राहिली, आणि अखेर डिसेंबर १८९९ मध्ये 'नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल' उघडले. उपचार सर्वस्वी मोफत. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला प्रवेशच नाही, असा नियम. चालक मंडळी जर्मनीहून आधीच्या पिढीत आलेले, स्थिरस्थावर झालेले व्यापारी आणि व्यावसायिक. मनाने दयाळू, पण व्यवहारी. रोग आरंभीच्या अवस्थेत असेल तरच प्रवेश, मुक्काम ठरावीक महिन्यांचा, आणि बाहेर पडल्यावर हा माणूस समाजावर भार होणार नाही याची काही हमी, अशा त्यांच्या अटी होत्या.

या अटींची थट्टा करणे सोपे आहे, पण मी ती करणार नाही. खाटा मोजक्या होत्या. जो वाचण्यासारखा आहे त्याला खाट द्यावी, जो जाणारच आहे त्याच्यात ती अडकवू नये, हा युक्तिवाद आजही प्रत्येक योजनेच्या मुळाशी आपणांस सापडेल. प्रश्न एवढाच, की आरंभीच्या अवस्थेत डॉक्टरकडे जातो कोण? ज्याला एका दिवसाची मजुरी बुडवणे परवडते तो. शिंपी जायचा तो रक्त पडू लागल्यावर, यंत्रावर बसवेनासे झाल्यावर. म्हणजे कागदावर जी अट रोगाची होती, ती प्रत्यक्षात वर्गाची ठरली. बोलूनचालून गरिबांसाठी काढलेले रुग्णालय, आणि सर्वांत गरीब रुग्ण त्याच्या फाटकाबाहेर मरत होता.

फाटकाबाहेरच्यांनीच मग सभा घेतली. १९०३ च्या अखेरीस डेनव्हरमधील काही पूर्व युरोपीय ज्यू कामगार एकत्र जमले. हाताने काम करून जगणारी ही माणसे, त्यांच्यातील अनेक स्वतः क्षयाचे रोगी. त्यांनी आपसांत वर्गणी काढली आणि १९०४ मध्ये 'ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी' स्थापन केली. शहराच्या पश्चिमेस वीस एकर माळ घेतला. इमारतीला पैसे नव्हते, म्हणून लाकडी तळाचे तंबू ठोकले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सात रुग्णांनिशी काम सुरू केले. रोग कोणत्याही अवस्थेतील असो, प्रवेश खुला. जो चार दिवसांचा सोबती आहे त्यालाही खुला. ज्यू नसलेल्यालाही खुला. शुल्क नाही, मुदत नाही. एक जीव वाचविणारा सारे जग वाचवितो, अशा आशयाचे तालमुदातील वचन त्यांनी ब्रीद म्हणून घेतले होते. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. कोणता जीव वाचविण्याजोगा आहे हे फाटकावर बसून ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा तो अर्थ होता.

या संस्थेचे चिटणीस डॉ. चार्ल्स स्पिव्हाक. जन्म १८६१ चा, झारच्या राज्यातील क्रेमेंचुक येथला. तरुणपणी क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरल्यामुळे देश सोडावा लागला. १८८२ मध्ये अमेरिकेत आल्यावर मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले आणि मग फिलाडेल्फियाच्या जेफर्सन कॉलेजातून १८९० मध्ये डॉक्टर झाले. त्याच फिलाडेल्फियात चारच वर्षांपूर्वी आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या, आणि मायदेशी परतून काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात क्षयाने गेल्या होत्या. स्पिव्हाकांच्या पत्नीच्याही छातीत या रोगाची चिन्हे दिसली, म्हणून हे कुटुंब डेनव्हरला आले. १९०४ पासून १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ही संस्था सांभाळली. जाताना मृत्युपत्रात लिहून ठेवले की माझा देह विद्यार्थ्यांना विच्छेदनासाठी द्यावा आणि सांगाडा जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाला पाठवावा. हयातभर दिले ते पुरेसे झाले नाही असे त्यांना वाटले असावे.

पैसा कोठून आला? एखाद्या सावकाराने थैली मोकळी केली असती तर ही कथा सांगायला मी आलोही नसतो. तो आला दहा-दहा सेंटांच्या नाण्यांतून. संस्थेचे प्रचारक गावोगाव हिंडत, शिवणखोल्यांतून, किराणा दुकानांतून, प्रार्थनामंदिरांतून वर्गणी गोळा करीत. ठिकठिकाणी स्त्रियांनी साहाय्यक मंडळे काढली. ज्यू घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर दानाची डबी टांगण्याची जुनी चाल आहे. आपल्या बायका चिमूटभर पीठ बाजूला काढीत, त्यातलीच ही गोष्ट. देणाऱ्याला ठाऊक होते की आज माझे नाणे डबीत पडते आहे, उद्या माझाच मुलगा त्या माळावर असेल. त्यामुळे उपकार करणारा आणि उपकृत यांच्यात जे अंतर नेहमी राहते, ते येथे फारसे राहिले नाही. जेवण धर्मनियमांप्रमाणे शिजे. जुन्या रुग्णालयाने या बाबीकडे बराच काळ दुर्लक्ष केले होते आणि धार्मिक वृत्तीचे रुग्ण तेथे जेवणाच्या ताटावरच कष्टी होत. स्वतः स्पिव्हाक काही कर्मठ नव्हते. पण मरणाऱ्या माणसाला त्याच्या ताटावरून सुधारणा शिकवू नये, एवढे त्यांना कळत होते. आपल्या सुधारक मित्रांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

विरोधही झाला, आणि तो स्वकीयांकडूनच अधिक झाला. शहरातील प्रतिष्ठित ज्यू म्हणाले, तुम्ही दार असे सताड उघडे ठेवले तर देशभरातील मरणोन्मुख माणसे डेनव्हरच्या स्टेशनावर येऊन पडतील आणि साऱ्या समाजाचे नाव खराब होईल. कामगारांचे उत्तर साधे होते : ती येऊन पडलेलीच आहेत. वाद वर्षानुवर्षे चालला. संस्था मात्र वाढत गेली. तंबूंच्या जागी इमारती आल्या, जमीन शंभर एकरांच्या वर गेली, स्वतःची गुरे, कोंबड्या, छपाईचे काम, ग्रंथालय, नियतकालिक, सगळे उभे राहिले. येथील काही रुग्ण बरे होऊन तेथेच नोकरीला लागले. पन्नास वर्षांत सुमारे दहा हजार माणसे या माळावर राहून गेली.

ती बरी झाली का? कित्येक झाली नाहीत. दूध, अंडी, विश्रांती आणि मोकळी हवा यांच्यापलीकडे देण्यासारखे काही नव्हते, आणि ज्यांना मुद्दाम शेवटच्या अवस्थेत घेतले त्यांच्यातील पुष्कळ जण तेथेच पुरले गेले. आकडे पाहणाऱ्याला जुने रुग्णालय अधिक यशस्वी वाटले असते. दार निवडक ठेवले की आकडे चांगले येतात. डेनव्हरचे तंबू ज्यांनी ठोकले त्यांना हे कळत नव्हते असे नाही. वाईट आकडे आपल्या नावावर घेण्याची त्यांची तयारी होती, आणि मला वाटते, त्यांचे सर्वांत मोठे धैर्य तेच.

हीच वृत्ती आणखी पुढे गेलेली दिसते ती 'वर्कमेन्स सर्कल' या समाजवादी विचारांच्या ज्यू कामगारांच्या परस्परसाहाय्य संघटनेत. तिने १९१० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लिबर्टी या गावी स्वतःच्या सभासदांसाठी क्षयाचे आरोग्यधाम काढले. सभासद वर्गणी भरतो, म्हणून आजारी पडल्यावर खाट हा त्याचा हक्क. त्यासाठी कोणापुढे गरिबी सिद्ध करायची नाही. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १९११ च्या मार्चमध्ये आग लागली आणि कुलूप लावलेल्या दारामागे १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. ती आग जगाने पाहिली. क्षयाची आग कोणाला दिसत नव्हती. ती विझविण्याची खटपट त्याच कामगारांनी चालविली होती. लॉस एंजेलिसमध्ये एक तरुण शिंपी क्षयाने रस्त्यावर मेला, तेव्हा १९१३ मध्ये तेथेही अशीच संस्था निघाली आणि दुआर्ते येथील माळावर दोन तंबूंत तिचे काम सुरू झाले. आज ते 'सिटी ऑफ होप' नावाचे कर्करोगाचे मोठे रुग्णालय आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. स्थलांतरित ज्यूने बांधलेले रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याचे ससून येते. बगदादहून जीव वाचवून आलेले डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थिरावले, व्यापारात अमाप पैसा मिळविला आणि त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले ते रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. त्यातून आजवर किती गोरगरिबांचे प्राण वाचले याची गणती नाही, आणि त्याविषयी मी कृतघ्नपणे बोलणार नाही. पण त्या पैशात चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा होता. पुढे याच घराण्याच्या मुंबईत गिरण्या झाल्या, आणि गिरणीच्या धुळीत माणसे खोकू लागली. एका हाताने रोग, दुसऱ्या हाताने रुग्णालय, हे धनिकाच्या दानाचे नेहमीचे गणित आहे. डेनव्हरच्या डबीतील नाण्याला ते लागू पडत नाही.

त्या गिरण्यांशी आपल्या तालुक्यांचे नाते वीजतारेने जोडलेले आहे. खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्या चालविण्यासाठी. घाटावरचे पाणी खोपोलीत पडे, वीज मुंबईला जाई. माणसेही मुंबईला जात. परत येत ती खोकत. पाचगणी त्यांच्यासाठी नव्हती. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात जागा मिळाली तर मिळाली, एरवी गावची पडवी. घरातल्या भांड्यांतून त्याचे ताट-तांब्या वेगळा काढला जाई आणि त्या दिवसापासून माणूस निम्मा गेलेला असे. कित्येकांना क्षय नव्हताच, कापसाच्या धुळीने फुप्फुसे भरली होती. पण गिरणीच्या धुळीला रोग म्हणून मान्यता दिली तर भरपाई द्यावी लागते, क्षयाला द्यावी लागत नाही.

औषध आले ते १९४३ मध्ये. स्ट्रेप्टोमायसिन शोधले गेले सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ याच्या हातून. वाक्समन हेही १९१० मध्ये युक्रेनमधून आलेले स्थलांतरित ज्यू. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, आणि दोनच वर्षांनी डेनव्हरच्या संस्थेने क्षयाचे काम थांबवून कर्करोगाचे हाती घेतले. आरोग्यधामांना शेवटचा धक्का दिला तो मात्र आपल्या देशाने. मद्रास येथे १९५६ पासून एक प्रयोग झाला. दाटीच्या वस्तीतील गरीब रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या घरीच औषध दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरचे आणि आरोग्यधामातले जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि घरच्यांना लागणही अधिक झाली नाही. चांगले जेवण आणि विश्रांती यांच्यावाचूनही औषधाने रोग हटतो, हे जगाने मद्रासच्या झोपडपट्टीतून शिकून घेतले.

मग प्रश्न मिटला असे आपण समजलो, आणि तेथे चुकलो. आजही जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एक भारतातला आहे. २०२५ पर्यंत क्षय हद्दपार करण्याची घोषणा झाली होती. ते साल उलटून गेले, क्षय गेला नाही. औषध रोग्याला बरे करते, पण त्याच्या शेजारी झोपणाऱ्या उपाशी बायकोला आणि मुलाला तो रोग धरणार नाही याची तजवीज गोळीत नसते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ पासून तीन वर्षे डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. रुग्णाच्या घरच्यांना दरमहा तांदूळ आणि डाळ पुरविली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या घरांत नव्याने होणारा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी घटला, आणि फुप्फुसाचा संसर्गजन्य क्षय तर जवळजवळ निम्म्यावर आला. डेनव्हरवाले दूध आणि अंडी देत होते ते अगदीच अडाणीपणाने नव्हे.

आपल्या कातकरी वाड्यांवर या सगळ्याचे काय होते ते आपण मला सांगायला हवे, मी आपल्याला नव्हे. तरी एक हिशोब मांडतो. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा. वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसापूर्वी संपणारा, तोही साधारण तेवढाच. मुकादमाकडून उचल घेतलेले कुटुंब गाडीत बसते तेव्हा रुग्णाचे नाव इकडच्या नोंदवहीत राहते आणि रुग्ण दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात विटा थापत असतो. दोन महिन्यांनी नोंद होते : उपचार सोडला. उपचार त्याने सोडला की उपचाराने त्याला सोडले? पोषणासाठी शासन २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये देऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. ते बँकेच्या खात्यात येतात. खाते ज्याचे चालू आहे, आधारशी जुळलेले आहे, त्याला ते मिळतात. डेनव्हरच्या जुन्या रुग्णालयाची पात्रतेची अट येथे निराळा वेष घेऊन उभी आहे, आणि ती कोणी दुष्टपणाने घातलेली नाही, हेच तिचे अवघड.

खोपोली आणि रसायनीच्या पट्ट्यातील कंत्राटी कामगारांचेही तसेच. राज्य विमा योजनेच्या कायद्याप्रमाणे क्षय झालेल्या विमाधारक कामगाराला दीर्घ मुदतीच्या आजाराचा भत्ता, वेतनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि दोन वर्षांपर्यंत, मिळू शकतो. मूळ कायदा १९४८ चा होता. पण त्याचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटात तरी आहे का? वर्गणी कापली जाते ती भरली जाते का? आपल्या युनियनने पगारवाढीसाठी जितक्या द्वारसभा घेतल्या त्याच्या दहाव्या हिश्शाने या एका प्रश्नावर घेतल्या असत्या, तर मला आज एवढे बोलावे लागले नसते.

माथेरानचे भाई कोतवाल आपण हुतात्मा म्हणून स्मरतो. २ जानेवारीला सिद्धगडावर जातो. परंतु त्या बंदुकीच्या गोळीपूर्वी त्यांनी या मुलखात जे केले ते आपल्या स्मरणातून निसटते. टंचाईच्या काळात शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या. ज्याच्याजवळ होते त्याने मापटेभर घातले, ज्याच्याजवळ नव्हते त्याने मान खाली न घालता नेले. शिंप्यांची नाण्यांची डबी आणि कोतवालांची कोठी यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण रीत एकच आहे.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. आपण आरोग्यधाम बांधायचे नाही. त्याची आता गरज नाही. औषध देणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याच्याकडूनच करवून घ्यायचे, त्यासाठी वर्गणी काढून सरकारला मोकळे सोडायचे नाही. मात्र दसरा आणि दिवाळी यांच्यामध्ये प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या वाडीवर आशाताईंना बरोबर घेऊन बसावे. ज्यांचा उपचार चालू आहे त्यांनी कोणत्या भट्टीवर जायचे ठरविले आहे, ते गाव कोणते, तेथले जवळचे आरोग्य केंद्र कोणते, एवढे लिहून घ्यावे, आणि गाडी सुटण्यापूर्वी ती चिठ्ठी तिकडच्या केंद्रात पोहोचवावी. ज्याचे खाते बंद आहे त्याला घेऊन बँकेत जावे. आणि रुग्णाच्या घरी तांदूळ-डाळ आहे की नाही हे विचारताना तो दारू पितो का, पूर्वी उपचार सोडला होता का, हे आधी विचारू नये. पहिल्या गाड्या दिवाळीनंतरच्या आठवड्यातच सुटू लागतात, तेव्हा चिठ्ठ्यांचे काम वसुबारसेपर्यंत उरकावे.